काळा पट्टा

“पण पाठशाळेतल्या सोपानचा कान कुणी फोडला, ते विश्वस्तांना सांगायचं की नाही?”

भार्गवनं पुन्हा विचारलं. मठाधिपती बुवा काचेच्या टाकीपुढे बसून मासे बघत होते.

दर्शनाच्या दालनातली ती खाऱ्या पाण्याची टाकी भक्तांना फार आवडे. जिवंत प्रवाळ, रंगीत मासे, तळाला पांढरीशुभ्र वाळू. मागच्या पाठशाळेतली पोरं बघायला मात्र कुणी जात नसे. तिथं पोरांवर देखरेख करणारे कोठारी नाना होते आणि नानांचा वेत होता.

“वाळू कशी दिसते, भार्गवा?”

“पांढरी. रोज मीच वरून साफ करतो.”

“आणि खाली?”

भार्गव वाकला. पांढऱ्या थराखाली, काचेला चिकटून, जाड काळा पट्टा दिसत होता.

“कुजलंय.”

“आता हात घालून ते उपसलंस तर?”

“विष पाण्यात मिसळेल... मासे मरतील.”

“मरतील,” बुवा मऊ आवाजात म्हणाले. “मठाचंही असंच असतं, बाळा.”

म्हाताऱ्यांच्या कमरेला असा एखादा दृष्टान्त कायम खोचलेला असतो. तो काढला की विषय संपला, असं त्यांना वाटतं.

“छान,” भार्गव म्हणाला. “पण अर्धाच सांगितलात.”

बुवांनी मान वर केली.

“या टाकीत समुद्रकाकड्या होत्या, ते लठ्ठ अळ्यांसारखे जीव. वाळू खायच्या आणि स्वच्छ करून मागे सोडायच्या. रोज थोडी थोडी. तेव्हा तळ असा काळा नव्हता. त्या कुणी काढायला लावल्या?”

“लोकांना किळस यायची रे. आतडं पडल्यासारखं दिसायचं.”

“आणि पाठशाळेतल्या लोटलीकर बाई? पोरांच्या पाठीवरचे वळ बघून नानांना रोज जाब विचारायच्या. त्यांना कुणी काढलं? त्यांचीही किळस यायची?”

बुवांनी डोळे मिटले.

“ध्यान नंतर लावा. आधी बोला.”

“नाना माझ्याही आधीपासून इथं आहेत...”

“म्हणून तर एवढं साचलंय.”

बाहेर गाडी थांबली. दारं आपटली. विश्वस्त आले होते.

भार्गव उठला. “उद्या मला दीक्षा द्यायची ठरलीय ना? नका देऊ. मी आत्ता सगळ्यांसमोर बोलणार. मठ बुडाला तर बुडू दे.”

“पोरं अजून नानांच्याच ताब्यात आहेत,” बुवा म्हणाले. “तू इथं बोलशील. तिकडे त्यांचं काय होईल?”

भार्गव थबकला. त्याच्या रागात एवढा विचार बसला नव्हता.

“मग तुम्ही बोला! तुमचं ऐकतील ते.”

बुवा पुन्हा माशांकडे बघू लागले.

“घाबरता?”

बुवांनी नाही म्हटलं नाही. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. वाट अडवायला येताहेत, असं भार्गवला वाटलं. पण ते कोपऱ्याकडे गेले, तिथली रिकामी बादली उचलून आणली आणि त्याच्या हातात दिली. मग पुन्हा टाकीपुढे, आपल्या आसनावर जाऊन बसले.

“आधी मासे दुसऱ्या पाण्यात ने. मग उपस...” ते म्हणाले. “मला मात्र या पाण्यातून काढू नकोस.”