कमी गोड जॅम

वसईकडच्या एका गावात कार्मेलिन नावाची एक सुगरण राहत होती. नाताळ जवळ आला की ती सासरच्या प्रत्येक घरासाठी एकेक टोपली भरायची. हल्ली दुकानात त्याला गिफ्ट हॅम्पर म्हणतात आणि त्यावर चमचमता कागद लावतात. कार्मेलिनच्या टोपलीत मात्र सगळं घरचं असायचं. नेवऱ्या म्हणजे करंज्या, तळलेले गोड कलकल, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, केक आणि वर तिने स्वतः शिवलेला लाल रुमाल.

हात चांगला होता, पण जीभ त्याहून तिखट होती. एका नाताळात तिची धाकटी जाऊ पावलिन हिच्या नेवरीत बारीक खडा निघाला. झालं! कार्मेलिनने तो खडा जणू जपूनच ठेवला. लग्न असो, बारसं असो, ती हसत म्हणायची, "माझ्या हातचं डोळे मिटून खा. पावलिनचं मात्र जरा बघून." लोक हसायचे. पावलिन मान खाली घालून वाढत राहायची.

त्या वर्षी कार्मेलिनने पेरूचा जॅम केला. बिया काढायला गर नीट गाळला, साखर घालून आटवला आणि सरबताच्या काचेच्या जगाने बरण्यांमध्ये ओतला. दुपारी तिचा नवरा बस्त्याव स्कूटरवरून टोपल्या पोचवून आला. एक नणंद रोझलिनकडे, एक पावलिनकडे आणि एक बस्त्यावच्या कतरिन आत्यांकडे. त्या घराण्याची रीत अशी, की नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चची घंटा झाली की प्रार्थना करायची आणि मगच टोपली सोडायची. पहिला घास घरातल्या मोठ्या माणसाचा.

टोपल्या गेल्यावर कार्मेलिन भांडी घासायला बसली. जग हातात घेतला आणि तिचा हात थांबला. जगाच्या काठाचा नखाएवढा टवका उडाला होता. सकाळी काठ अखंड होता. तिने ओटा पाहिला, जमीन झाडली, जॅमचं पातेलं चाचपलं. घरासाठी ठेवलेली बरणीही गाळून पाहिली. काच कुठेच नव्हती. म्हणजे ती तिघांपैकी कुणाच्या तरी बरणीत होती.

तिने धावत जाऊन बस्त्यावला जग दाखवला.

बस्त्याव म्हणाला, "फोन कर आणि सरळ सांग. काच म्हटल्यावर कुणी बरणीला हात लावणार नाही."

"पावलिनला सांगू? माझ्या जॅममध्ये काच आहे म्हणून? जन्मभर ऐकवेल ती मला."

"तू नाही का ऐकवलंस?"

 कार्मेलिनने पदर खोचला आणि म्हणाली, "स्कूटर काढा. मी बरण्या परत आणते. कारण काय सांगायचं ते माझं मी बघते."

आधी ती रोझलिनकडे गेली. "अगं, जॅमला साखर कमी पडली. बरणी दे, उद्या दुसरी देते." रोझलिन म्हणाली, "कमी गोड तर कमी गोड, वहिनी. राहू दे की." पण कार्मेलिनने टोपलीतून बरणी उचललीच. बाहेर येऊन अंगणाच्या कडेला तिने ती सोबत आणलेल्या चाळणीत ओतली. काच नव्हती. तरी तिला हायसं वाटलं. थाप खपली होती. आता पावलिनची बरणी घ्यायची, की काम झालं. कतरिन आत्यांची तिला घाई नव्हती. त्यांना मधुमेह होता. त्या गोडाला शिवत नसत, बरणी दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी बंद ठेवत.

ती पावलिनच्या दारात पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. तिने तीच थाप मारली. पावलिनने निमूटपणे बरणी आणून दिली आणि म्हणाली, "कळलं मला, ताई. रोझलिनने आत्यांना फोन केला होता. आत्यांनी मला केला. जॅम कमी गोड आहे ऐकून त्या इतक्या खूश झाल्यात! म्हणाल्या, यंदा घंटा झाली की पहिला चमचा मी खाणार."

 आत्या एकट्या राहत. डोळ्यांना कमी दिसे. घर चर्चच्या पलीकडे, स्कूटरनेही वेळेत पोचणं कठीण. कार्मेलिनने घाईघाईने पावलिनची बरणी तिथेच ताटात उलटी केली आणि बोटांनी जॅम पसरला. पावलिन बघतच राहिली. ताटात काच नव्हती.

तेवढ्यात घंटा वाजू लागली.

एक क्षण कार्मेलिन पावलिनच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. तो खडा, ते हसणं, सगळं तिला आठवलं. मग ती ओरडली, "पावलिन, आत्यांच्या बरणीत काच आहे! माझ्या हातून गेलीय. फोन लाव!"

पावलिनने लगेच फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. तिने पुन्हा लावला.  चर्चची घंटा थांबली. आणि फोन उचलला गेला.

"आत्या, तोंडात काही घातलंत?"

"अगं, प्रार्थना आत्ता संपली. चमचा हातात आहे. का गं?"

"ठेवा खाली! जॅममध्ये काच आहे. आम्ही येतोय."

बाहेर थांबलेल्या बस्त्यावच्या स्कूटरवर बसून तिघं गेली. आत्या बरणीपासून लांब, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. चमच्यातला जॅम बशीत पसरला, त्यात काही नव्हतं. बरणी चाळणीत ओतली, तेव्हा जाळीवर टक्कन आवाज झाला. टवका सापडला.

कार्मेलिन आत्यांच्या पायाशी बसून रडली. तिने सगळं सांगितलं, थापेसकट. आत्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "काच तर चुकून पडली, बाय. पण मी बरणी उघडली ती तुझ्या शब्दावर."

हे ऐकून कार्मेलिनला जास्तच रडू आलं. मग ती पावलिनच्या बोलण्याची वाट बघू लागली. पावलिनने चाळणी धुतली, हात पुसले आणि म्हणाली, "माझ्या नेवरीत खडा निघाला तेव्हा तुम्ही गावभर सांगितलंत, ताई. आज तुमच्या बरणीत काच निघाली, तीही तुम्हीच सांगितलीत. एकूण तुमच्या पोटात काही राहत नाही. आज जरा उशीर झाला, एवढंच."

आधी आत्या हसल्या. मग रडता रडता कार्मेलिनही हसली. घरी परतताना तिने रोझलिनलाही दारात उभं राहून खरं ते सांगून टाकलं.

पुढच्या नाताळात कार्मेलिनने पावलिनला मदतीला बोलावलं. आत्यांसाठी दोघींनी बिनसाखरेच्या नानकटाया भाजल्या. या खेपेला त्या खरोखरच बिनसाखरेच्या होत्या. खड्याची गोष्ट कार्मेलिनने पुन्हा कधीच काढली नाही. काचेची मात्र ती स्वतःहून सगळ्यांना सांगायची.

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होते. पण तिच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर आपलं नाव राखायला मारलेली छोटीशी थापही त्या चुकीहून घातक ठरते. अशा वेळी खरं तेच सांगावं, आणि लगेच सांगावं.