खंडनाचे गुण

“पण तिनं स्वतःच्या तोंडानं मान्य केलं, भंतेजी! भर सभेत. मग मी दुसरं काय करायला हवं होतं?”

भंते विनयबोधी विहाराच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी चिवराचं टोक खांद्यावर सारखं केलं.

विचारणारा प्रशिक गजभिये. तो नागपूरला वकिली करायचा. शाळकरी वयात याच विहारात, याच भंतेंसमोर उभा राहून तो बोलायला शिकला होता. पुढं राज्यभरच्या वादविवाद स्पर्धा त्यानं गाजवल्या. वैनगंगेकाठच्या या विहारात दरवर्षी तालुक्यातल्या शाळांची स्पर्धा व्हायची, तेव्हा तो आपणहून परीक्षक म्हणून यायचा. त्याच्या निकालाकडं आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो ते लपवायचाही नाही.

भंते अध्यक्ष म्हणून नुसते बसायचे. गुण द्यायचा प्रशिक.

त्या दिवशी अंतिम फेरीचा विषय होता, ‘टोल्यांवरच्या लहान शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत आणावं.’

बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. शाळा बंद कराव्यात ही बाजू आली सुगंधा कुमरे या मुलीकडं. ती हिरडीटोला या आडवळणाच्या लहान वस्तीवरची. मामाच्या घरी राहून नववीत शिकत होती. समोर ईशान लांजेवार, पंचायत समितीच्या सभापतींचा मुलगा. गोड आवाज, स्वच्छ उच्चार, हातवारे नेमके.

सुगंधा चांगली बोलली. एका खोलीत चार वर्ग भरतात तिथं कुठलाच वर्ग भरत नाही, असं ती म्हणाली, तेव्हा सभागृहातल्या मास्तरांनी माना डोलावल्या. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा आहे, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आहेत, हे तिनं एकेक करून मांडलं. प्रशिकनं तिला भरभरून गुण दिले.

मग ईशान उठला.

“माझ्या मैत्रिणीला मी एकच विचारतो,” तो म्हणाला. “मोठी शाळा नाल्याच्या पलीकडं आहे. पावसाळ्यात नाला भरतो, तेव्हा टोल्यावरची मुलगी काय करते? ती घरी बसते. आणि एकदा बसलेली मुलगी कायमची बसते.”

टाळ्या पडल्या.

खंडनासाठी सुगंधा उभी राहिली. माईकची मान तिनं खाली केली. आणि बोललीच नाही.

...

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं.

“हे बरोबर आहे,” ती ईशानकडं बघून म्हणाली. “तुझं बरोबर आहे. आमच्या टोल्यावरची शाळा बंद झाली, तेव्हा माझी लहान बहीण अशीच बसली.”

आणि ती जागेवर जाऊन बसली. वेळ बराच शिल्लक होता.

खंडनाच्या रकान्यात प्रशिकनं शून्य लिहिलं. करंडक ईशानला मिळाला.

एवढं सगळं झालं होतं. आता सतरंज्या गोळा होत होत्या, आणि प्रशिक भंतेंसमोर उभा होता. कुणी त्याला जाब विचारला नव्हता. तरीही तो उत्तरं देत होता.

“परीक्षकानं ठरलेलंच पाहायचं असतं, भंतेजी. मुद्दे पाहायचे, पुरावा पाहायचा, भाषा पाहायची. समोरच्याचं खोडून काढलं की नाही ते पाहायचं. ती खरी होती की खोटी, हे पाहायला मी कोण?”

“ती गप्प उभी होती,” भंते म्हणाले. “तेव्हा तू काय ऐकलंस?”

“ती गप्पच होती. मग ऐकणार काय?”

“हं.”

“मी घड्याळाकडं पाहत होतो. तेही माझंच काम आहे.”

भंते गोळा होणाऱ्या सतरंज्यांकडं पाहू लागले. प्रशिकला त्यांच्या गप्प बसण्याचा लहानपणापासून राग यायचा.

“मी चुकलो असेन तर तेव्हाच का नाही बोललात? शेजारीच तर बसला होतात.”

“मी टाळ्या वाजवत होतो,” भंते म्हणाले. “ईशान फार सुरेख बोलला... तू बोलायचास तसा.”

प्रशिकनं हातातला गुणांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

“निकालानंतर ती पोर तुझ्याकडं आली होती,” भंतेंनी विचारलं. “काय म्हणाली?”

“माझं काय चुकलं, असं विचारत होती. मी समजावून सांगितलं. नीट, प्रेमानं सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, तू हुशार आहेस, बेटा. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेव. समोरचा कितीही बरोबर असू दे, त्याचं मान्य करायचं नाही. काहीच सुचलं नाही तर नाही म्हणायचं आणि मग कारण शोधायचं. मान्य केलंस की तू संपलीस.”

“आणि ती?”

“‘बरं सर’ म्हणाली. पोरगी शहाणी आहे. पुढच्या वर्षी बघा तुम्ही.”

भंतेंनी मान वळवली. ते अंगणाकडं पाहत होते. प्रशिकनंही तिकडं पाहिलं.

अंगणातल्या हापशाजवळ सुगंधा तिच्या बाईंबरोबर गाडीची वाट बघत उभी होती. करंडक बगलेत धरून ईशान तिच्यासमोर आला होता. काहीतरी विचारायचं होतं, पण जमत नव्हतं. मघाचा गोड आवाज आता अडखळत होता.

“ऐक ना... तुझी बहीण खरंच बसली का घरी?”

सुगंधानं त्याच्याकडं पाहिलं.

“मला ते नव्हतं माहीत,” ईशान म्हणाला. “म्हणजे, मला सरांनी भाषण लिहून दिलं होतं. असं खरंच होतं, हे मला... कुठल्या वर्गात होती ती? मी बाबांना सांगतो. टोल्यावर शाळेची गाडी सुरू करणं त्यांच्या हातात आहे. मी आजच सांगतो.”

प्रशिक ऐकत होता.

सुगंधा क्षणभर थांबली. सभागृहात थांबली होती तेवढी नाही.

“नाही,” ती म्हणाली. “तसं काही नाही.”

“पण तूच तर...”

“स्पर्धेत बोलतात तसं. ती शाळेत जाते. नाल्यावर रपटा आहे, पाणी आलं तरी माणसं जातात. आमच्याकडं कुणी घरी बसलेलं नाही.”

ईशानचा चेहरा आधी गोंधळला, मग मोकळा झाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. “हां. मग ठीक आहे,” तो म्हणाला आणि मित्रांकडं निघून गेला.

गाडी आली. जाताना सुगंधानं ओट्याकडं पाहिलं. तिथं प्रशिक दिसताच तिनं हलकेच मान हलवली. सांगितलं तसं केलं, असं सांगावं तशी.

प्रशिक पायरीवर बसला.

मग लगेच उठला आणि म्हणाला, “मी ईशानला सांगतो. ती आत्ता खोटं बोलली म्हणून.”

तो धावत गेला. फाटकाशी ईशानला गाठून त्यानं सगळं सांगितलं. पोरगा अवघडून ऐकत राहिला.

“पण सर, तिनंच नाही म्हटलं ना,” तो म्हणाला. “आता बाबांना काय सांगू? ती मुलगीच नाही म्हणते, असं?”

सभापतींनाही प्रशिकनं फोन केला. ते सज्जनपणे बोलले. घरच्यांचा अर्ज येऊ द्या, वकीलसाहेब, मग बघू, असं म्हणाले.

म्हणून पुढच्या रविवारी प्रशिक हिरडीटोल्याला गेला. सुगंधा सुटीला घरी येणार, हे त्यानं बाईंकडून काढून घेतलं होतं.

वाटेत नाला लागला. पावसाळा संपून गेला होता, तरी पाणी घोट्याच्या वर होतं. रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा फरशीपूल, मधोमध तुटलेला होता. त्यानं बूट हातात घेतले आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली.

सुगंधाच्या आईनं अंगणात खाट टाकली. “बसा ना जी, वकीलसाहेब.” लहान बहीण दाराशी भांडी घासत होती. साधारण दहा वर्षांची असेल. तिनं पाहुण्यांकडं पाहिलं आणि हात थांबवले.

प्रशिकनं घरून शब्द जुळवून आणले होते. त्यातला एकही त्यानं वापरला नाही.

“सुगंधा, मी चुकीचं सांगितलं तुला,” तो म्हणाला. “तू त्या दिवशी मान्य केलंस, तेच बरोबर होतं. सभापतींना भेटू या. आपण अर्ज करू. बहिणीचं खरं सांगू.”

सुगंधा त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. दोन्ही हात मागं बांधून. स्पर्धेत उभं राहतात तशी.

“सर, तुमच्या म्हणण्यात तीन चुका आहेत,” ती म्हणाली.

प्रशिकला वाटलं, ती गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती.

“पहिली म्हणजे, नाला वर्षातून थोडेच दिवस भरतो. तेवढ्यासाठी शाळा सुटली म्हणणं ही अतिशयोक्ती झाली. दुसरी, गाडी सुरू झाली तरी एका मुलीसाठी ती किती दिवस चालेल? म्हणजे तो उपाय टिकाऊ नाही. आणि तिसरी...” ती जराशी अडली. कारण शोधत होती. मग तिला ते सापडलं. “तिसरी म्हणजे, हिला शिक्षणाची आवडच नाही. आवड नसलेल्याला शाळेत पाठवून काय उपयोग?”

दाराशी भांडं खाली पडलं.

“मले आवडते,” लहान बहीण म्हणाली. फार हळू म्हणाली.

सुगंधानं तिच्याकडं पाहिलं नाही. तिची नजर प्रशिकवर होती. आपलं कसं झालं, हे ती त्याच्या चेहऱ्यावर वाचू पाहत होती.

धाकटी उठली आणि घरात गेली. आई कधी मोठीकडं बघत होती, कधी पाहुण्याकडं. हे काय चाललंय, ते तिला कळेना.

“अगं, ती तुझी बहीण आहे,” प्रशिक म्हणाला.

“हा भावनिक मुद्दा झाला, सर.”

हे वाक्य त्याचंच होतं. बक्षीस समारंभात, भाषण करताना, साऱ्या मुलांना हसवण्यासाठी त्यानं ते वापरलं होतं.

त्यानं अर्जाचा विषय आईकडं काढला. आई म्हणाली, मोठी शिकलेली आहे जी, ती म्हणेल तसं. मोठी नाही म्हणाली.

तो उठला. आईनं आणलेला चहा तसाच राहिला.

परत आला तो थेट विहारात. भंते वंदनेनंतर एकटेच बसले होते. प्रशिकच्या पॅन्टवर चिखल वाळला होता. आज पहिल्यांदाच तो भंतेंच्या समोर नाही, बाजूला खाली बसला आणि घडलं ते सांगत गेला. रपटा, खाट, तीन मुद्दे, दाराशी पडलेलं भांडं. कुठं काही सुधारून सांगितलं नाही.

भंते डोळे मिटून ऐकत होते.

“मी परत जाईन,” प्रशिक म्हणाला. “धाकटीशी बोलेन. पण मोठीला... तिला आता मी काय सांगू, भंतेजी? काहीही सांगितलं तरी तिच्याकडं उत्तर असतं.”

...

“माझ्या एकाही मुद्द्यावर ती अडली नाही. एकदाच जराशी थांबली, तीसुद्धा कारण शोधायला.”

...

भंतेंनी डोळे उघडले. ते ओले होते.

“मग,” त्यांनी हळूच विचारलं, “खंडनाचे किती गुण दिलेस तिला?”