वैद्यबुवांचं तट्टू आणि मापाचा धोंडा

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, कारण मला सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. आणि आधीच सांगून ठेवतो, गोष्ट काही हसवायची नाही. लहानांनी जवळ सरकून बसा, थोरांनी तर जरूर ऐका.

एका डोंगराळ मुलखात खोल दरी होती. दरीच्या अलीकडे मोठं गाव, पलीकडे लहानशी वाडी. मधे एकच दोर ताणलेला, आणि दोराला वेताचा एक झुला. त्यात बसायचं, पलीकडच्यांनी ओढायचं, की घटकेत माणूस वाडीत. झुला नको असेल तर खिंडीतून वळसा घालून दोन दिवसांची पायपीट, आणि त्या कड्याच्या वाटेवर तट्टूसुद्धा चालत नसे.

झुल्यापाशी मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात मापाचा धोंडा, दुसऱ्यात जाणारा माणूस. माणसाचं पारडं खाली टेकलं, की त्याला झुल्यात बसू द्यायचं नाही. मग तो राजा का असेना! दोर राखणारी ठकू म्हातारी या बाबतीत कुणाचं ऐकत नसे.

त्या गावात एक वैद्य होते. हाताला असा गुण, की पोटात आडवं आलेलं मूल नुसत्या हाताने सरळ करीत. तरुणपणी ते बारा गावं पायी फिरत आणि दोन भाकरींवर तृप्तीचा ढेकर देत. पुढे त्यांनी राजाला दुखण्यातून उठवलं. राजाने खूश होऊन एक तट्टू दिलं. झालं! त्या दिवसापासून वैद्यबुवांचे पाय जमिनीला लागेनासे झाले.

आता तुम्ही म्हणाल, कष्ट कमी झाले म्हणजे भूकही कमी झाली असेल. छे हो! उलटंच झालं. चालत होते तेव्हा दोन भाकरींवर भागायचं, बसून राहिले तर चारांवरही भागेना. रात्री उशिरापर्यंत गप्पा, गप्पांबरोबर चिवडा, सकाळी उशिरा उठणं, उठल्या उठल्या पुन्हा काहीतरी तोंडात. बुवा चांगले गरगरीत झाले. लोक कौतुकाने म्हणायचे, "बुवांना सुख मानवलं!"

बुवांची एकुलती एक लेक भागू पलीकडच्या वाडीत दिली होती. तिला दिवस गेले. आई नव्हती, आणि गरोदर बाईला झुल्यात बसवायची रीत नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. सातव्या महिन्यात तिचा निरोप आला. "बाबा, सुईणबाई म्हणतात, मूल आडवं आहे. बाबा, मला भीती वाटते. तुम्हीच या."

बुवा धावतपळत तराजूपाशी गेले. पारड्यात बसले मात्र, ते धप्पकन जमिनीला टेकलं.

"काय हे वैद्यबुवा!" ठकू म्हातारी म्हणाली.

बुवा वरमले. घरी जाऊन त्यांनी कडक उपास धरला. ताकाशिवाय काही घ्यायचं नाही, आणि शक्ती जाऊ नये म्हणून पडून राहायचं. पाच दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर सारखी भाकरी नाचत होती. सहाव्या दिवशी शेजारून पुरणपोळ्यांचा वास आला आणि बुवांनी एका बैठकीला अकरा पोळ्या फस्त केल्या. पारडं होतं तिथेच राहिलं.

ठकू म्हातारीला त्यांची दया आली. ती म्हणाली, "बुवा, तुम्ही जगाला औषध देता, आता माझं एक ऐका. भूक गुरासारखी असते. दावणीला बांधून ठेवलं की दिवसभर हंबरत राहतं. रोज ठरल्या वेळी रान फिरवून आणा, मग गुमान उभं राहतं. ते तट्टू सोडा. उजाडलं की टेकडीवरच्या देवळापर्यंत चढून या. दोन वेळा पोटाला लागेल तेवढं जेवा, उपाशी राहू नका. दिवेलागणीनंतर चुलीकडे फिरकायचं नाही, आणि वेळेवर झोपायचं."

बुवांनी मनावर घेतलं. पहिले चार दिवस पाय भरून आले आणि भूकही जास्तच लागली. पण आठवड्याने भूक वेळेवर यायला लागली आणि वेळेवर जायला लागली. मधल्या वेळचं काही आठवेना. रात्री गाढ झोप लागे. महिना सरला. बुवा पारड्यात बसले आणि धोंड्याचं पारडं हळूहळू खाली आलं. बघायला जमलेल्या लोकांनी एकच जल्लोष केला.

बुवा झुल्यातून पलीकडे गेले. लेकीच्या पोटाला हात लावून म्हणाले, "मूल आडवंच आहे, पण घाबरू नकोस. आत्ता वळवलं तर पुन्हा फिरेल, वेळ आली की मी सरळ करीन."

भागूने त्यांचा हात धरला. "बाबा, वीसच दिवस राहिलेत. इथेच राहा ना."

"वेडी आहेस का? लेकीच्या सासरी पाण्याचा घोटही घेऊ नये म्हणतात, आणि मी वीस दिवस ठाण मांडून बसू? लोक तोंडात शेण घालतील! कळा सुरू झाल्या की दारात लाल निशाण लावा. घटकेत येतो."

आणि बुवा परत आले. इथेच माती खाल्ली हो त्यांनी! आजही सांगताना चीड येते.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा बुवा कूस बदलून झोपले. वाटलं, धोंडा तर जिंकला, आता कशाला टेकडी चढायची? तट्टूवर खोगीर चढलं. ज्याच्या त्याच्या घरी, "बुवा, किती वाळलात! घ्या थोडं." बुवा खरोखर थोडंच घ्यायचे. पण चालणं थांबलं तशी भूक पुन्हा हंबरायला लागली, आणि या वेळी पहिल्यापेक्षा मोठ्याने.

ठकू म्हातारीने त्यांना वाटेत अडवलं. "बुवा, अंग उतरलं की भूक गेलेलं परत मागते. आता तर चालणं मुळीच सोडू नका. एकदा पारड्यात तरी बसून बघा."

"अगं, वीस दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" बुवा हसले आणि तट्टूला टाच मारून निघून गेले.

अठराव्या दिवशी सकाळी पलीकडे लाल निशाण चढलं.

बुवा आले, पारड्यात बसले. पारडं खाली टेकलं.

त्यांनी पागोटं काढलं. वहाणा काढल्या. अंगरखा काढला. शेवटी काखेतली औषधांची झोळीसुद्धा खाली ठेवली. पारडं जमिनीवरून हललं नाही.

"फक्त दोन शेरांचा फरक आहे, ठकू! जाऊ दे मला. लेक आहे माझी!"

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने झुल्याची कडी सोडली नाही. "बुवा, माझा नवराही या धोंड्यापेक्षा दोनच शेर जड होता. मी त्याला जाऊ दिलं. तेव्हापासून इथे उभी आहे. तुम्ही दरीत गेलात तर तुमच्या लेकीच्या काय उपयोगाचे? आणि दोर तुटला तर सारी वाडीच तुटेल."

बुवांनी झोळी उचलली आणि खिंडीची वाट धरली. धापा टाकत, बसत, उठत, स्वतःला शिव्या घालत ते चालले. दोन दिवसांच्या वाटेला अडीच दिवस लागले. वाडी दिसली तेव्हा दारावर निशाण नव्हतं.

जावई उंबऱ्यावर बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. म्हणाला, "काल सकाळी गेली. मूलही गेलं. शेवटपर्यंत म्हणत होती, खाट दाराकडे करा, बाबांचा झुला दिसू दे."

बुवांनी तट्टू राजाला परत केलं. त्यानंतर मरेपर्यंत, ऊन असो की थंडी, ते रोज उजाडताच टेकडी चढत, दोन वेळा मोजकं जेवत आणि दिवेलागणीला अंथरुणाला पाठ टेकत. कधी कधी तराजूत जाऊन बसत. पारडं अलगद वर उचललं जाई.

ठकू म्हातारी म्हणे, "बसा बुवा झुल्यात. सोडते पलीकडे."

बुवा म्हणत, "आता कुणाकडे जाऊ?"

म्हणून सांगतो, भूक चार दिवसांच्या उपासाने नाही, रोजच्या चालण्याने आणि वेळच्या वेळी जेवण्याझोपण्याने ताब्यात राहते. काम झालं म्हणून जी सवय सोडली, ती गरजेच्या दिवशी हाक मारली तरी येत नाही.