तिसरा फिल्टर

रुंद खाडीच्या काठावरच्या एका गावात धाकू मिस्त्री राहत असे. खाडी ओलांडणारी लाँच एकच होती. तिचे इंजिन धाकू सांभाळी.

त्याची मुलगी सुगंधा लग्न होऊन फार लांब गेली होती. चार वर्षे तिची भेट नव्हती. एक दिवस तिचे पत्र आले. "बाबा, सोमवारी सकाळी आम्ही पलीकडच्या धक्क्यावर उतरतोय. दुपारच्या गाडीने पुढे जायचं आहे, थांबता येणार नाही. पहिल्या लाँचने या. तुमची नात तुम्हाला अजून बघायची आहे."

धाकूने ते पत्र इतक्यांदा वाचले की घडीवर कागद विरला.

सोमवारी सकाळी नेमका इंजिनाचा ऑइल फिल्टर फुटला. नव्या दुकानातून आणलेले तीन फिल्टर फळीवर होते. लाँचमध्ये चाळीस माणसे येऊन बसली होती.

फिल्टरच्या पोटात एक छोटी झडप असते. फिल्टर गाळाने तुंबला, की ती आपोआप उघडते आणि न गाळलेले तेल तरी इंजिनाला मिळते. घाण तेलावर इंजिन कसेबसे चालते. तेलावाचून मात्र जागीच जाम होते. आणि ओहोटीत बंद पडलेली लाँच थेट खडकांवर जाते.

म्हणून धाकूचा नेम होता. नव्या मालातला एक फिल्टर तो मुद्दाम तुंबवून पाही. असा तुंबवलेला फिल्टर मग इंजिनाला बसवता येत नसे. त्याने पहिल्या फिल्टरात जाड ग्रीस भरले आणि हातपंपाने तेल रेटले. पंपावरचा दाबाचा काटा चढत गेला, पण पलीकडे थेंब पडेना. झडप अडकलेली होती. दुसऱ्याचेही तेच झाले. दोन्ही फिल्टर वाया गेले.

लाँचचे मालक दाऊदभाई म्हणाले, "मिस्त्री, तिसरा बसवा. तो चांगला असेल. पोरगी वाट बघतेय तुमची."

धाकूने तिसरा फिल्टर उचलला. इंजिनावर दोन आटे फिरवलाही. मग त्याने वर पाहिले. माणसे निर्धास्त बसली होती. कुणी पान लावत होते, कुणी डुलक्या घेत होते. इंजिनाकडे कुणाचेच लक्ष नव्हते.

त्याने फिल्टर परत काढला.

"दाऊदभाई, हा चांगला आहे असं माझं मन म्हणतंय. पण आज माझ्या मनाने लाच खाल्लीय. त्याचं ऐकता येणार नाही."

लोक कुरकुरत उतरले. तालुक्याहून फिल्टर यायला संध्याकाळ होणार होती. होड्या पहाटेच मासेमारीला गेल्या होत्या. धाकू धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पलीकडे एक पिवळा ठिपका दिसत होता. थोड्या वेळाने त्या ठिपक्याने काहीतरी छोटेसे डोक्यावर उंच धरले. धाकूने खांद्यावरचा पंचा काढून हलवला. हात भरून आले तरी तो हलवत राहिला. नातीचा चेहरा काही दिसला नाही.

दुपारी पलीकडच्या रस्त्यावर धूळ उडाली आणि पिवळा ठिपका नाहीसा झाला.

संध्याकाळी धाकूने तिसरा फिल्टर तपासायला घेतला. ग्रीस भरले, पंप दाबला. काटा चढला, थबकला, आणि मधल्या भोकातून तेलाची धार सुटली. झडप उत्तम होती.

दाऊदभाईंच्या तोंडून निघून गेले, "म्हणजे सकाळी गेलो असतो तर..."

"पोचलो असतो," धाकू म्हणाला. "पण सकाळी हे मला ठाऊक नव्हतं, दाऊदभाई. ठाऊक नसताना चाळीस माणसं पाण्यात कशी न्यायची?"

त्याने हात पुसले आणि घरी जाऊन मुलीला पत्र लिहायला बसला. पहिली ओळ बराच वेळ सुचली नाही.

तात्पर्य: मनाची ओढ म्हणजे खात्री नव्हे. दुसऱ्यांचे जीव आपल्या हाती असतील, तर आधी पारखावे, मगच पाऊल टाकावे. मग त्यापायी आपल्या जिवाला केवढीही हुरहुर लागो.