कुंकू पुसलेली गाडी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. एका डोंगराळ मुलखात एक राजा होता आणि तो भित्रा होता. तुम्ही म्हणाल, भित्र्या राजाला कोण घाबरतं? अहो, शूर राजा परवडला. तो निदान शत्रूलाच मारतो. भित्र्याला सगळेच शत्रू दिसतात.

या राजाच्या मुलखात बारा गावं होती. त्यातलं कुठलं फितूर होईल याची त्याला सदा धास्ती. म्हणून त्याने एक रीत पाडली. प्रत्येक गावाने खेळण्यातली असते तशी वीतभर लांबीची, चार चाकांची मालगाडी एकदा करून ठेवायची आणि तिच्यात दर सुगीला गावचं नवं धान्य भरायचं. सुगी संपली की राजवाड्याच्या अंगणात लाकडी रूळ मांडायचे, सगळ्या गाड्या आकड्यांनी एकमेकींना जोडायच्या आणि पहिल्या गाडीची रेशमी दोरी राजाने स्वतः ओढायची. अंगणाला एक फेरी नीट झाली की राजा वर्षभर निर्धास्त. पण मधेच कुठे जोड सुटला, तर त्या जोडाच्या मागची जी पहिली गाडी, तिचं गाव राजापासून सुटलं असं धरायचं. त्याच संध्याकाळी त्या गावच्या चुली विझवायच्या, माणसं हाकलायची आणि वेशीला काटे लावायचे.

हसू नका. वीतभर गाडीपायी गाव उठतं हे ऐकून हसू येतं खरं. पण बारातली तीन गावं अशीच उठली होती. उरलेली नऊ सुगी जवळ आली की जीव मुठीत धरून बसायची.

त्या नऊ गावांत खडकउंबर नावाचं एक गाव होतं आणि तिथे हैबती नावाचा सुतार राहायचा. त्याला एकच लेक, तुळसा. ती शेजारच्या बोरखिंड गावी दिली होती, तिथल्या सावळाराम सुताराच्या घरात. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना लागला होता. हैबतीच्या डोक्यात दिवसरात्र एकच विचार. यंदा आपलं गाव उठलं, तर ही अवघडलेली पोर उन्हातान्हात कुठे जाईल?

त्या वर्षी गाड्यांचा क्रम ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा खडकउंबरची गाडी चौथी आली आणि तिच्या मागे पाचवी बोरखिंडची.

फेरीच्या आदल्या दिवशी नऊ गावांचे सुतार राजवाड्यात जमले. रीतच तशी होती. सुताराने आपल्या गावच्या गाडीच्या आसाला तेल घालायचं आणि चाकांना हळदकुंकू लावायचं. पहिल्या वर्षी थेंबभर तेल आणि बोटभर कुंकू असायचं. पण पहिलं गाव उठलं आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. पुढल्या वर्षी पळीभर तेल, मूठभर कुंकू. दुसरं उठलं, मग वाटीभर. आणि पुसायचं मात्र कोणी नाही, कारण कुंकू कधी कोणी पुसतं का? आपल्याकडे तो शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत.

हैबतीने गाडी उलटी केली आणि चाकाला टिचकी मारली. चाक हललंसुद्धा नाही. त्याने आसाच्या भोकात काडी घातली तर काडीला काळालाल चिकटा आला, लाखेसारखा घट्ट. तेल, हळद, कुंकू आणि वर्षांची धूळ. चाकं फिरतच नव्हती, रुळांवरून नुसती फरफटत होती.

ती तीन गावं फितूर नव्हती. ती गावं तेलकुंकवात अडकली होती.

आता हे सांगायचं कोणाला? आणि कोणत्या तोंडाने? घरात लेक पोटुशी, तिचा नवरा हयात, आणि बापाने कुंकवाला फडकं लावायचं. पण गाव उठलं तर लेक उघड्यावर येणार, हेही समोर दिसत होतं. तो भिंतीकडे तोंड करून बसला, डोळे मिटले आणि फडक्याने कुंकू पुसलं.

मग त्याच्यातला सुतार जागा झाला. त्याने भोकं कोरून साफ केली, आस कोरडा केला, चिमूटभर शंखजिऱ्याची गुळगुळीत पूड लावली. टिचकी मारली तर चाक आपलं फिरतंय, फिरतंय, थांबायचं नावच नाही. गाडी हलकी होती, वळणावर उचलली गेली असती, म्हणून त्याने धान्याखाली एक चपटा दगड ठेवला. चाकं झिजून गाडी खाली बसली होती, ती चामड्याच्या चकत्या घालून वर घेतली. आता तिचा आकडा पुढच्या गाडीच्या आकड्यात पुरता बसला.

मागच्या बाजूला मात्र घोळ झाला. बोरखिंडची गाडीही झिजून खालीच बसलेली होती. हैबतीची गाडी वर आली आणि बोरखिंडच्या गाडीचा आकडा आता तिच्या आकड्यात जेमतेम टोकावर अडकू लागला. हैबतीला ते दिसलं.

बोरखिंडच्या गाडीपाशी त्याचा व्याही सावळारामच बसला होता. तो वाकून बघायला लागला.

"व्याहीबुवा, तुमच्या गाडीचं कुंकू कुठं गेलं?"

"वाटेत घासलं असेल," हैबती म्हणाला.

"मग लावून घ्या बरं पहिलं. सून पोटुशी आहे आमची. असं कोरडं चाक बघवत नाही."

हैबतीने फळीवर एक बोट ओढलं. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि त्याच्या ओठांवर ते आलंही होतं. पण मुलीचा बाप तो. याने लेकीच्या आठव्या महिन्यात कुंकू पुसलं असं व्याह्याला कळलं, तर लेकीला ते नांदवतील का? त्याने तोंड फिरवून गाडीतलं धान्य सारखं केलं.

सावळाराम तेलाची वाटी हातात घेऊन म्हणाला, "तुमचा हात कसबी. तुम्हीच सांगा, अजून घालू का थोडं?"

"घाला," हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगणात राजा आला. त्याचे हात लोकांपेक्षा जास्त कापत होते. त्याने दोरी ओढली. गाड्या करकरत निघाल्या. पहिलं वळण पार पडलं. दुसऱ्या वळणावर पाचव्या गाडीची चाकं रुतल्यासारखी झाली, टोकावरचा आकडा खटकन निसटला आणि चार गाड्या पुढे निघून गेल्या. बोरखिंड मागे राहिलं.

अंगणात आठ सुतारांनी नकळत सुटकेचा श्वास सोडला, आणि त्यात हैबतीही होता. ते आठवलं की मला त्याचा राग येतो आणि माझाही, कारण गोष्ट ऐकताना तो श्वास मीही सोडला होता.

संध्याकाळी बोरखिंडची माणसं गाठोडी घेऊन खडकउंबरच्या वेशीवरून निघाली. सावळाराम हैबतीच्या दारात थांबला.

"तुमची गाडी पाण्यासारखी पळत होती," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक होतं का?"

"होतं," हैबती म्हणाला. "कुंकू पुसलं मी. तुम्ही लेकीला टाकाल म्हणून बोललो नाही."

सावळारामने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "टाकलं असतं की नाही, ते मलाही सांगता येत नाही. पण गाव राहिलं असतं."

तेवढ्यात तुळसा बाहेर आली. तिच्या हातात तिचं गाठोडं होतं.

"तू कुठं निघालीस?" हैबती म्हणाला. "तुझ्यासाठीच तर केलं सगळं."

"ठाऊक आहे, आबा," ती म्हणाली. "पण माझं घर ते होतं."

ती एक हात कमरेवर ठेवून सासऱ्याच्या मागून चालू लागली. हैबतीचं गाव शाबूत राहिलं, घर शाबूत राहिलं. नात झाली की नातू, हे त्याला कधीच कळलं नाही.

बोध: भीतीपोटी खरं गिळणारा ज्यांच्यासाठी ते गिळतो, त्यांनाच आधी मुकतो.