योसेफाचे दोन बाप

हिवरगावच्या इनामदारांना वाचनाची हौस दांडगी, आणि वाचलेलं दुसऱ्याच्या तोंडावर मारायची त्याहून दांडगी. एकदा भर चावडीत त्यांनी ख्रिस्ती वस्तीतल्या म्हाताऱ्या सगुणा सुइणीला बोलावलं.

"काय गं सगुणे, तुमच्या बायबलात योसेफाचा बाप एकीकडे याकोब लिहिलाय, दुसरीकडे एली. एका माणसाला बाप दोन कसे? उत्तर दे, नाहीतर या खोट्या पुस्तकाची प्रार्थना माझ्या जागेत नको."

सगुणाबाई गोंधळली. हा घोळ तिलाही कधी सुटला नव्हता. चर्चच्या पाळकसाहेबांनी एक सांगितलं होतं, त्यांच्या बायकोनं भलतंच.

"मला नाही उमगत, सरकार," ती म्हणाली. "पण तुमच्या वेळचं बाळंतपण मीच केलं. तेव्हा बाप म्हणून धोंडजीरावांनी पेढे वाटले. इनामाच्या सनदेत मात्र तुमचे बाप म्हणून थोरले इनामदार आहेत. बाप एकच असतो, तर पेढे खोटे की सनद?"

दत्तक आलेले इनामदार खाली बघू लागले. प्रार्थनेची जागा राहिली.

सगुणाबाई मात्र घरी जाताना पुटपुटत होती, "पण मग योसेफाला दत्तक दिलं तरी कधी?"