चार पावड्यांचा अंतरपाट

अच्युतनाथ महाराज पळसवेळ्याच्या महादेव मंदिरात येऊन राहिले आणि तिथल्या कोष्टी आळीचं भाग्यच उजळलं!

त्या आळीत येसाई नावाची विधवा होती. महादेवाच्या लग्नाचा अंतरपाट दरसाल तिचा नवरा विणायचा, काठाला रुईफुलांची नक्षी काढून. मरताना तो म्हणाला होता, "येसे, देवाचा अंतरपाट आपल्याच घरचा जाऊ दे गं." तिने शब्द दिला. पण पुरात त्याचा माग वाहून गेला. भावाने आपला जुना माग दिला, त्याला पायाने दाबायच्या पावड्या चारच. रुईफुलाला तर सहा लागतात!

आळीतला मातब्बर विसाजी खदखदून हसला. "चार पावड्यांवर रुईफूल? अगं, गोणपाट विण! अंतरपाट मी देतो."

येसाई रडतच महाराजांकडे गेली. महाराज म्हणाले, "माय, रडतेस कशाला? दोन पावड्या एकदम दाबून बघ. नसलेल्या पावडीचं काम त्या दोघी मिळून करतील."

आणि खरंच, पाकळ्या उमटू लागल्या! पण लग्नाच्या दिवशी शेवटच्या काठाशी घोडं अडलं. तिथल्या मोठ्या फुलाच्या गाभ्याला तीन पावड्या एकदम दाबायच्या होत्या. पावड्या इतक्या लांब लांब, की एका पायाखाली दोन येईनात. येसाईने मागावर कपाळ टेकलं. "देवा, माझा शब्द राख रे!" तिने दोन पावड्या दाबल्या आणि तिसरी आपोआप खाली गेली.

इकडे विसाजी आपला अंतरपाट घेऊन देवळात आला. महाराज डोळे मिटून बसलेले, एक पाय मात्र खालीवर हलतोय. "काय बुवा, भजन नाही, टाळ नाही, मग हा ठेका कसला?"

"कामात आहे रे बाबा," महाराज म्हणाले.

विसाजी हसत हसत येसाईची फजिती बघायला तिच्या दारात गेला आणि जागीच थिजला. तिसऱ्या पावडीवर कुणाचाच पाय नव्हता, तरी ती खालीवर होत होती. तोच ठेका!

येसाई अंतरपाट घेऊन देवळात पोचली, तेव्हा विसाजी महाराजांचा सुजलेला पाय धरून ढसाढसा रडत होता. "चुकलो, महाराज!"

महाराजांनी हळूच पाय सोडवून घेतला. "अरे वेड्या, माझा एकच पाय दुखतोय. तिचे दोन्ही दुखत असतील. तिचे धर."

साऱ्या आळीदेखत विसाजीने येसाईच्या पायांवर डोकं ठेवलं. ती माउली बिचारी संकोचून म्हणाली, "उठा दादा, मुहूर्त टळेल. तिकडचं टोक धरा बघू."